नदीचें पाणी आणि नदीचें वाळवंट

अमेरिकेंतील मिसूरी राज्याच्या दक्षिण भागांत ओझार्क नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. चुनखडीच्या या डोंगरांच्या पोटांतून बारमाही झरे फुटतात आणि त्यांच्या थंड, नितळ पाण्यावर पोसलेल्या नद्या रानांतून वळणें घेत वाहतात. मेरामेक ही त्यांपैकींच एक नदी. सेलम गांवाच्या आसमंतांत उगम पावून, सुमारें साडेतीनशें किलोमीटरांची वाट चालून, ती सेंट लुई शहराच्या खालच्या अंगास मिसिसिपीला मिळते. उन्हाळा आला, म्हणजे शहरांतील कुटुंबेंच्या कुटुंबें या नदीकडे लोटतात. वरच्या पुलापाशीं होडी पाण्यांत सोडावयाची, वल्हें केवळ दिशा राखण्यापुरतें चालवावयाचें, आणि प्रवाह नेईल तसें वाहत जाऊन संध्याकाळीं खालच्या पुलापाशीं उतरावयाचें, असा हा साधा विहार आहे. तेथील लोक त्याला फ्लोट ट्रिप म्हणतात. वाटेंत ठिकठिकाणीं, नदीच्या वळणावर, गोट्यांचें आणि वाळूचें स्वच्छ वाळवंट लागतें. तेथें होडी ओढून घ्यावी, शिदोरी सोडावी, मुलांनीं पाण्यांत डुंबावें, मोठ्यांनीं गळ टाकून बसावें, हा शिरस्ता कित्येक पिढ्यांचा आहे.

अशाच एका वाळवंटावर जुलै २०१३ मध्यें एक मनुष्य प्राणास मुकला. स्टीलव्हिल गांवाच्या परिसरांत मेरामेकवरून वाहत जाणारी एक मंडळी क्षणभर कांठाला लागली होती. थांबण्याचें कारण लघुशंकेचें, म्हणजे अगदीं सामान्य होतें. जमिनीचा मालक पिस्तूल घेऊन तेथें आला. जागा खाजगी कीं नदीची, यावरून शब्दानें शब्द वाढला, गोळी सुटली आणि होड्यांतून आलेल्यांपैकीं एक जण ठार झाला. आपण स्वसंरक्षणासाठीं गोळी झाडली, असें मालकाचें म्हणणें होतें. परंतु ज्यूरीनें तें मानलें नाहीं, आणि २०१४ सालीं त्याला खुनाबद्दल दोषी ठरविलें. एकाचा जीव गेला, दुसऱ्याच्या वांट्याला तुरुंग आला. दोन घरें उद्ध्वस्त झालीं, तीं चार हात रुंदीच्या गोट्यांच्या पट्ट्यावरून. तो पट्टा कोणाचा, हें त्या क्षणीं दोन्ही बाजूंना मान्य होईल अशा रीतीनें सांगणारा कोणी तेथें नव्हता.

याचें आश्चर्य अशासाठीं वाटतें कीं, नदीवरून जाण्याच्या हक्काचा निवाडा याच मेरामेक नदीवर, या घटनेच्या ५९ वर्षें आधीं, होऊन चुकला होता. एल्डर विरुद्ध डेलकूर हा तो खटला. एक गृहस्थ लहानशा होडींतून, आणि जेथें पाणी उथळ तेथें पायीं चालत, मासे धरीत मेरामेकवरून चालले होते. नदीच्या दोन्ही तीरांना ज्याचें शेत होतें त्या मालकानें त्यांना हरकत घेतली. दोन्ही कांठ आपले, मधला तळहि आपला, तेव्हां येथून जाणारा हा परक्या जमिनींत शिरणाराच होय, असा त्याचा दावा होता. मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं निर्णय दिला. तळाची मालकी शेतकऱ्याची, हें न्यायालयानें मान्य केलें. परंतु त्या तळावरून वाहणारें पाणी हा सार्वजनिक मार्ग आहे, धंद्यासाठीं असो वा करमणुकीसाठीं असो, त्यावरून होडीनें अथवा पाण्यांतून पायीं जाणाऱ्यास अपप्रवेशाचा दोष लागत नाहीं, असें ठरविलें. या निर्णयामागें नदीचा पूर्वेतिहासहि उभा होता. ओझार्कच्या रानांत तोडलेले ओंडके आणि लोहमार्गाखालीं घालावयाच्या लांकडी तुळया पूर्वीं याच प्रवाहांतून खालीं सोडल्या जात. ज्या पाण्यानें एका काळीं लांकूड वाहिलें, तेंच पाणी आतां माणसांना वाहूं लागलें, एवढाच फरक झाला होता.

मालकी एकाची आणि वाट सर्वांची, हा विचार मिसूरीच्या न्यायमूर्तींनीं नव्यानें शोधून काढला असें मात्र नाहीं. इसवी सन ५३३ मध्यें सम्राट जस्टिनियन यानें प्रसृत केलेल्या रोमन कायद्याच्या पाठ्यग्रंथांत तो स्वच्छ शब्दांत सांपडतो. नदीचे कांठ हे लगतच्या जमीनमालकांचे, कांठावरचीं झाडेंहि त्यांचींच. तथापि कांठाला नाव लावणें, झाडाला दोर बांधणें आणि माल उतरविणें हा नदीच्या उपयोगाचाच भाग असल्यामुळें तो सर्वांना मोकळा आहे, असें तो ग्रंथ सांगतो. यांतील मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. पाण्यावरून जाणाऱ्याला कधीं ना कधीं पाय टेकावाच लागतो, हें त्या जुन्या कायदेपंडितांनीं ओळखलें होतें. इंग्लंडचा कायदा पुढें निराळ्या वाटेनें गेला. जेथवर समुद्राची भरती पोंचते तेथवर जलमार्ग सर्वांचा. त्याच्या वर, एखाद्या नदीपुरता विशेष हक्क सिद्ध झाल्याशिवाय, पाणी वाहतें तें दोन्ही तीरांच्या मालकांच्या जमिनीवरून, आणि पात्राच्या मध्यरेषेवर त्यांच्या हद्दी भिडतात, असें तेथें मानलें गेलें. ज्या बेटावर कोणतेंहि गांव समुद्रापासून फार दूर नाहीं, तेथें ही विभागणी चालून गेली.

अमेरिकेच्या विस्तीर्ण भूमीवर ती चालणें शक्य नव्हतें. समुद्रापासून हजार हजार मैल आंत आगबोटी फिरत होत्या. तेथें भरतीची कसोटी लावणार कोठें? म्हणून त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें १८७० च्या सुमारास, डॅनियल बॉल या आगबोटीच्या खटल्यांत, जी नदी प्रत्यक्षांत नौकानयनास योग्य तीच कायद्यानेंहि नौकानयनास योग्य, अशी सोपी कसोटी घालून दिली. परंतु या एका कसोटीच्या पोटांत दोन प्रश्न दडलेले राहिले. नदीचा तळ कोणाच्या मालकीचा, हा एक प्रश्न; आणि पाण्यावरून जाण्याची मुभा कोणाला, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर राज्य संघांत सामील झालें त्या दिवशीं नदी कशी होती यावर अवलंबून असतें. दुसऱ्याचें उत्तर प्रत्येक राज्यानें आपल्या कायद्यानें द्यावयाचें असतें, हें २०१२ सालीं मोंटाना राज्याच्या नद्यांविषयींच्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें पुन्हा स्पष्ट केलें. म्हणून एकच देश असूनहि, होडीची राज्याराज्यांतून एकच अवस्था राहत नाहीं. एका राज्यांत जो प्रवासी, तोच दुसऱ्या राज्यांत गुन्हेगार ठरूं शकतो.

कोलोरॅडो राज्याचें उदाहरण या दृष्टीनें बोधप्रद आहे. त्या राज्यांत कांहीं जण रबरी तराफ्यांतून कोलोरॅडो नदीवरून एका गुरेपालन करणाऱ्या मालकाच्या जमिनींतून गेले. नदी उथळ असल्यामुळें तराफे मधून मधून तळाला टेकले. १९७९ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांची शिक्षा कायम केली. जो तळाचा धनी तोच तळावरच्या अवकाशाचाहि धनी, या जुन्या सूत्राचा आधार न्यायालयानें घेतला. त्याच्या मागेंपुढें विधिमंडळानें कायद्यांतील शब्द बदलले, आणि १९८३ सालीं राज्याच्या महान्यायवादीनें असा अभिप्राय दिला कीं, तळाला वा कांठाला स्पर्श न करतां जो नुसता वाहत जातो त्याच्याकडून फौजदारी गुन्हा घडत नाहीं. याचा व्यवहारांतील अर्थ काय होतो, याची कल्पना करण्यास फार बुद्धि नको. होडी उलटली, मूल पाण्यांत पडलें, उथळांत तराफा अडकला, तर पाय खालीं टेकावयाचा कीं नाहीं, हें प्रवाशानें आधीं वकिलाला विचारून ठेवावें! त्याच राज्यांत आर्कान्सा नदीच्या पात्रांत उभें राहून मासे धरणाऱ्या एका वृद्धाला कांठावरून दगड मारून हांकलण्यांत आलें. नदीचा तळ राज्याच्या मालकीचा आहे असें ठरवून मिळावें म्हणून तो न्यायालयांत गेला. २०२३ साल उजाडल्यावर त्याला उत्तर मिळालें तें असें कीं, हा दावा आणण्याचा अधिकारच त्याला नाहीं. नदी सर्वांची आहे कीं नाहीं, या प्रश्नाला हात न लावतांच न्यायालयाचा दरवाजा बंद झाला.

आतां जमीनमालकाची बाजूहि न्यायानें ऐकली पाहिजे. नदीकांठचा मालक हा सर्वत्र पैशानें माजलेला असतो असें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तो साधा शेतकरी असतो. उन्हाळ्यांतील एका सुटीच्या दिवशीं त्याच्या बांधाखालून शेंकडों होड्या जातात. त्यांतील नव्याण्णव मुकाट्यानें निघून जातात. शंभराव्या होडींतील लोक दारू पिऊन आरडाओरड करतात, बाटल्या फोडून जातात, कुंपणाच्या तारा कापतात, फाटक उघडें टाकतात आणि त्याचीं गुरें रानोमाळ होतात. शिवाय त्याला आणखी दोन भयें असतात. परका मनुष्य आपल्या हद्दींत घसरून पडला तर भरपाई आपल्याकडे मागणार कीं काय, हें एक. आणि आज सौजन्यानें जाऊं दिलें, तर उद्यां हीच वहिवाट ठरून आपली जमीन कायमची अडकणार कीं काय, हें दुसरें. या भयांना उत्तर दिल्यावांचून नुसतें नदी सर्वांची आहे असें म्हणणें, म्हणजे भांडण मिटविणें नव्हे, तें पुढें ढकलणें होय.

मोंटाना राज्यानें हें उत्तर देण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्याची कथा महत्त्वाची आहे. तेथें डिअरबॉर्न आणि बीव्हरहेड या दोन नद्यांवर मालक आणि विहार करणारे यांच्यांत तंटे झाले. १९८४ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें दोन्ही खटल्यांत असा निर्णय दिला कीं, राज्याच्या घटनेप्रमाणें पाणी हें जनतेसाठीं राज्याच्या स्वाधीन आहे. तेव्हां ज्या पाण्यावर विहार करतां येतो त्यावर तो करण्याचा हक्क सर्वांना आहे, मग तळ कोणाचाहि असो. परंतु महत्त्वाची गोष्ट घडली ती पुढच्या वर्षीं. १९८५ सालीं विधिमंडळानें या निर्णयाला कायद्याचें रूप दिलें, आणि तें देतांना एक रेषा आंखली. ही रेषा म्हणजे नदीच्या नेहमींच्या भरपाण्याची खूण. पाणी जेथवर वारंवार आणि बराच काळ राहतें, तेथवर गवत व झुडपें नीट रुजत नाहींत, मातीचा पोत पालटतो. ही खूण कोणाहि माणसाला डोळ्यांनीं दिसते. क्वचित् येणाऱ्या महापुराचें पाणी जेथवर पसरतें ती सारी जमीन यांत धरलेली नाहीं. या खुणेच्या आंत प्रवाशानें वाहावें, चालावें, वाळवंटावर टेकावें. या खुणेच्या बाहेर मालकाची परवानगी हवी. वाटेंत बांध वा कुंपण आडवें आलें, तर होडी उचलून, मालकाला कमींत कमी उपद्रव होईल अशा रीतीनें, त्याला वळसा घालून पुन्हा पाण्यांत उतरण्याची मुभा आहे. मात्र नदीपर्यंत पोंचण्यासाठीं कोणाच्या शेतांतून वाट काढण्याचा हक्क या कायद्यानें दिलेला नाहीं. पाण्यांत उतरावयाचें तें सार्वजनिक जागेवरून अथवा रस्त्याच्या पुलापासून.

त्याच वेळीं मालकाच्या दोन्ही भयांना कायद्यानें उत्तर दिलें. विहार करणाऱ्याला कांहीं इजा झाली, तर मालकानें ती जाणूनबुजून अथवा बेदरकारपणें केलेली असल्याशिवाय त्याच्यावर जबाबदारी येत नाहीं. आणि असा विहार कितीहि वर्षें चालला, तरी त्यावरून मालकाच्या जमिनीवर वहिवाटीचा हक्क उत्पन्न होत नाहीं. तेथील सारे तंटे यामुळें संपले असें म्हणतां येणार नाहीं. मालकांनीं या कायद्याविरुद्ध पुढें अनेक वेळां न्यायालयें गांठलीं, कायद्याचा कांहीं भाग न्यायालयानें रद्दहि केला, आणि पुलाच्या दोन्ही बाजूंना कुंपण घालून वाट अडविण्याचा वाद २०१४ पर्यंत सर्वोच्च न्यायालयांत घुमत राहिला. तरी मूळ रेषा टिकली. तिचें बळ हें कीं, ती पाळण्यासाठीं कोणाच्या हातीं नकाशा लागत नाहीं, किंवा बंदूकहि लागत नाहीं. न्यू मेक्सिको राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २०२२ सालीं याच दिशेनें पाऊल टाकलें. खाजगी तळावरून वाहणाऱ्या सार्वजनिक पाण्यांत, पाण्याचा उपयोग घेण्यासाठीं जरूर तेवढें चालण्याचा आणि टेकण्याचा हक्क लोकांना आहे, मात्र तो मालकास कमींत कमी तोशीस देऊन बजावला पाहिजे, असें त्यानें सांगितलें.

आतां मेरामेकच्या वाळवंटाकडे परत वळलें, म्हणजे तेथील उणीव काय होती हें उघड दिसतें. १९५४ च्या निकालाचे शब्द पाण्याखालील पात्रापुरते होते. पाण्याचा हक्क त्यानें निःसंदिग्धपणें दिला. परंतु पाणी ओसरल्यावर उघडें पडणाऱ्या गोट्यांच्या पट्ट्याविषयीं त्यानें कोणतीहि रेषा ठरवून दिली नाहीं. उन्हाळ्यांत हा पट्टा रुंद होतो, पावसांत बुडतो. मालकाच्या मनांत तो त्याच्या सातबाराचा भाग, असें आपल्या भाषेंत म्हणतां येईल. प्रवाशाच्या मनांत तो नदीचाच पदर. दोघेहि आपापल्या परीनें प्रामाणिक. अर्धा हक्क सांगून थांबलेला कायदा अशा दोन प्रामाणिक माणसांना समोरासमोर उभें करतो आणि आपण मागें सरतो. शेजारच्या करंट आणि जॅक्स फोर्क या नद्यांचे कांठ १९६४ च्या कायद्यानें राष्ट्रीय संरक्षणाखालीं आले, म्हणून तेथील पुष्कळशा वाळवंटांवर हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. परंतु प्रत्येक नदीचे कांठ विकत घेण्याइतका पैसा कोणत्याच सरकारच्या खजिन्यांत नसतो. रेषा आंखण्यास मात्र पैसा लागत नाहीं.

या परदेशच्या प्रश्नाशीं मराठी माणसाचा संबंध काय, असें कोणी विचारील. आपल्याकडे वाळवंट हा शब्दच लोकसंचाराचा आहे. पंढरपुरास चंद्रभागेच्या वाळवंटांत लाखो वारकरी जमतात. तेथें पाय ठेवण्यापूर्वीं जागेचा धनी कोण, ही पृच्छा कोणाच्या मनांत येत नाहीं. कायदाहि या लोकभावनेच्या विरुद्ध नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या विसाव्या कलमाप्रमाणें, ज्यांवर दुसऱ्या कोणाची कायदेशीर मालकी नाहीं अशा नद्या, नाले आणि त्यांचीं पात्रें हीं शासनाचीं आहेत. आणि शासन हें त्यांचें मालक म्हणून मन मानेल तसें वागूं शकत नाहीं, तें विश्वस्त आहे, हें भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं हिमाचल प्रदेशांतील बियास नदीविषयींच्या खटल्यांत ठरविलें. तेथें एका विश्रामगृहाच्या रक्षणासाठीं नदीचा प्रवाहच वळविण्यांत आला होता. त्या निकालांत न्यायालयानें आधार घेतला तो रोमन कायद्याचा आणि अमेरिकन न्यायालयांच्या निर्णयांचा. ज्या विचारांतून मोंटानाची रेषा निघाली, त्याच विचाराचा झरा असा बियासच्या कांठीं येऊन पोंचला आहे.

तथापि पात्र सर्वांचें असलें म्हणून पात्रापर्यंतची वाट सर्वांची होत नाहीं. रायगड जिल्ह्यांत कोलाडजवळ कुंडलिका नदीवर वीजकेंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यावर आतां तराफ्यांचा खेळ चालतो. नद्यांचे कांठ जसजसे करमणुकीच्या बाजारांत मोलाचे होत जातील, तसतशीं कुंपणें पाण्याच्या जवळ सरकणार, आणि ज्या पाणवठ्यावर गांवच्या बायका धुणें नेत, जेथें कोळी जाळें वाळत घालीत, गुराखी गुरें पाजीत, त्याच्या वाटेवर फाटक उभें राहणार. त्या वेळीं प्रश्न केवळ सहलीचा उरत नाहीं. होडींतून मौजेसाठीं जाणाऱ्याचा हक्क आणि पोटासाठीं नदीवर येणाऱ्याचा हक्क हे एकाच वाटेनें येतात, आणि एकाच फाटकापाशीं अडतात.

मेरामेकची नदी आजहि वाहते आहे. उन्हाळ्यांत तिच्यावर होड्या येतात, आणि वळणावळणावर गोट्यांचीं वाळवंटें उघडीं पडतात. कांठावरच्या शेतकऱ्याला आपल्या गुरांची काळजी आहे, होडींतल्या बापाला आपल्या मुलांची. दोघांनाहि जें हवें, तें एकच आहे: आपली हद्द कोठें संपते हें भांडणाआधीं कळावें. तें सांगणें हें कायद्याचें काम; आणि तें काम कायद्यानें टाळलें, म्हणजे तें पिस्तुलाकडे जातें, हीच त्या नदीकांठच्या एका दुपारची शिकवण आहे.